अंधारात उजळणारी गोम: तिचं ठिकाण शोधायचं कसं, नोंदवायचं कसं

मिरग लागून आठ-दहा दिवस झाले की आमच्या न्हाणीमागच्या धोंडीवर रात्री कधीतरी हिरवट रेघ उमटते. वीतभर, नागमोडी, ओल्या बोटानं ओढल्यासारखी. बॅटरी मारावी तर रेघ नाहीशी आणि तिथे सुतळीहून बारीक, पिवळसर तपकिरी गोम. बॅटरी विझवावी तर गोम दिसत नाही, पण ती जिथून गेली ती वाट अजून उजळत असते. लहानपणी आम्ही तिला काजव्याची आई म्हणायचो. काजव्याशी तिचं काहीच नातं नाही हे कळायला कॉलेज उजाडलं.

तिचं शास्त्रीय नाव ऑर्फनीअस ब्रेव्हिलॅबिएटस. इंग्लंडच्या जॉर्ज न्यूपोर्टनं १८४५ मध्ये तिचं वर्णन छापलं. तेव्हापासून भारत, श्रीलंका, म्यानमार, इंडोनेशिया, तैवान, पॅसिफिकमधली बेटं असं करत उष्ण कटिबंधाच्या मोठ्या भागातून तिच्या नोंदी झाल्या आहेत. समुद्र ओलांडून ती स्वतः काही पोचलेली नाही. रोपांच्या मुळांशी असलेली माती, कुंड्या, केळीचे कंद, नारळ, जहाजांवरचं सामान यांच्याबरोबर माणसानंच तिला कितीतरी बेटांवर उतरवलं असं मानलं जातं. त्यामुळे तिचा वावर जंगलाइतकाच परसात असतो, आणि तिला शोधायला रानात मुक्काम करावा लागत नाही. घराच्या मागच्या दारी काम भागतं.

खरी गोम आहे ती नकाशात. कुठल्याही प्राण्याच्या आढळाचा नकाशा उघडा, त्यावरचे ठिपके माणसं कुठे फिरली तेच आधी सांगतात. विद्यापीठाच्या आसपास दाटी, पर्यटनाच्या गावात दाटी, मधे शंभर-शंभर किलोमीटर कोरं. महाराष्ट्रात गोमींवर काम झालेलंच नाही असं नव्हे. बी. एस. जांगी यांनी १९६६ मध्ये भारतीय स्कोलोपेंड्राच्या शरीररचनेवर सविस्तर लिहिलं, आणि १९८४ मध्ये जांगी आणि दास यांनी दख्खनमधल्या त्या कुळाचा आढावा घेतला. पण ते काम मोठ्या, चावऱ्या गोमींचं. मातीतल्या बारीक गोमी कायम मागे राहिल्या. त्यांचा नकाशा भरायचा तर ज्यांच्याकडे माती, पावसाळा आणि रात्री जागायची हौस आहे अशी माणसं लागतील. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी ओळख पक्की करा

आपल्याकडे बहुपाद प्राण्यांच्या नावांचा सावळागोंधळ आहे. मोठी, चपट्या अंगाची, चावली की रात्रभर ठणकवणारी ती घोण. तिच्या पायांच्या बहुधा २१ जोड्या असतात. गोल नळीसारखं अंग, डिवचल्यावर नाण्यासारखं वेटोळं घालणारा तो वाणी किंवा पैसा. त्याच्या बहुतेक कड्यांना दोन-दोन जोड्या पाय असतात, आणि तो गोम नव्हेच. आपल्याला हवी आहे ती मातीतली गोम, जिओफिलोमॉर्फा गणातली. जगात या गणाच्या साधारण बाराशे-साडेबाराशे जाती माहीत आहेत. कुणालाही डोळे नाहीत. प्रत्येक मिशीला १४ मणी. पायांच्या जोड्या जातीनुसार २७ पासून १९१ पर्यंत, आणि गंमत म्हणजे ही संख्या नेहमी विषम. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही ही म्हण खरी शोभते ती हिलाच.

कोकणातल्या वाडीत मातीतल्या दोन गोमी हमखास एकमेकींच्या नावावर खपतात. एक आपली ऑर्फनीअस. अंग पिवळट ते तपकिरी, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन गडद समांतर पट्टे, डोकं अंगाच्या मानानं लहान, मिशा आखूड आणि थोड्या चपट्या. तिचे विषारी आकडे इतके लहान असतात की वरून बघताना डोक्याखाली झाकले जातात. दुसरी मेसिस्टोसेफॅलस. हिचं डोकं लांबट, तांबूस, चकचकीत. आकडे डोक्याच्या पुढे डोकावतात. पाठीवर ते दोन पट्टे नाहीत. या वंशातल्या बऱ्याच जातींमध्ये पायांच्या ४९ जोड्या असतात. ऑर्फनीअसच्या त्याहून बऱ्याच जास्त, सत्तरीच्या आगेमागे. म्हणजे पाठीवरचे पट्टे आणि डोकं, एवढं नीट पाहिलं तरी निम्मा घोळ संपतो.

रात्री अंधारात उजळणारं सगळंच गोम नसतं. काजव्याच्या अळ्याही जमिनीवर चमकतात, पण त्यांचा प्रकाश शेपटीच्या टोकाशी असतो आणि अंगावरच राहतो. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उजळणारी बुरशी भीमाशंकरपासून गोव्याच्या जंगलांपर्यंत दिसते. ती जागची हलत नाही आणि रात्रभर तेवत राहते. गोमेचा प्रकाश म्हणजे पोटाकडच्या ग्रंथींतून येणारा चिकट स्राव. तो बाहेर सांडतो, पानाला लागतो, काडीला लागतो आणि मागे राहतो. म्हणून परीक्षा सोपी आहे. एखादं हिरवं पान हलकेच टेकवा. पान उजळलं तर गोम.

बोटानं मात्र हे करू नका. घोणीसारखा दंश ती करत नाही, तिचे आकडे तेवढ्या ताकदीचे नाहीत. पण याच गणातल्या काही जातींच्या स्रावात हायड्रोजन सायनाइड सापडलं आहे. हात लागलाच तर डोळ्याला लावू नका, साबणानं धुवा. गोम कानात शिरते या भीतीनं लहान मुलं लांब पळतात. त्यांना सांगा, तिला ओल आणि फट हवी असते, तुमचा कान नको.

हा प्रकाश ती स्वतः तर पाहूच शकत नाही. डोळे नसलेल्या प्राण्यानं दिवा का लावावा? पकडायला आलेल्याला बिचकवण्यासाठी, हे सगळ्यात पटणारं उत्तर आहे. १९८० मध्ये या जातीच्या प्रकाशाचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला. त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि स्राव चांगला उजळतो तो आम्ल असताना, सामू (पीएच) ४.६ च्या आसपास. शेतकऱ्याला सामू सांगावा लागत नाही: जांभ्याची माती आम्लच, पण हा स्राव तिच्याहूनही आम्ल.

ती राहते कुठे

गोमेच्या कातडीवर कीटकांसारखा मेणाचा थर नाही आणि श्वासाची छिद्रं तिला गच्च मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत ती भराभर सुकते. तिच्या राहण्याचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे. तिला ओल हवी, पण श्वासाला हवाही हवी. म्हणून पाणी साचलेली माती तिला चालत नाही आणि तापलेलं खळंही चालत नाही.

दुसरी गोष्ट फटींची. गांडुळासारखं अंग आखडून-फुगवून ती मातीत घुसते खरी, पण माती खात वाट काढणं तिला जमत नाही. आयती पोकळी असली तर ती पसंत करते. जांभ्याच्या चिऱ्यातली भोकं, गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, वाळवीनं पोखरलेलं लाकूड. वाटेत गांडूळ, अळी, वाळवी जे मऊ सापडेल त्याला आकडे लावायचे, विष सोडायचं आणि आतला रस चोखायचा, असा या गणाचा धंदा.

हे ध्यानात घेऊन वाडीत फिरलात की जागा आपोआप दिसायला लागतात. माझ्या अनुभवानं पहिला नंबर कुजत पडलेल्या केळीच्या खुंटाचा. घड उतरवून केळ तोडली की खुंट तसाच राहतो, त्याचे पापुद्रे सुटायला लागतात, आत काळसर पाणी. चौथा-पाचवा पापुद्रा उचलला की मधे सपाट पसरलेली असते. दुसरा नंबर सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, ढिगाचा. वरची सोडणं वाळलेली असतात ती बाजूला सारा, जमिनीला टेकलेल्या थरात बघा. मग गडगा. नव्या, सिमेंट भरलेल्या भिंतीत काही नसतं. जुन्या, नुसत्या रचलेल्या गडग्याच्या पायथ्याशी, जिथे पातेरा, म्हणजे गळलेला पाला, साचून अर्धवट माती झालेली असते, तिथे हमखास. पोफळीच्या बागेत आळ्यांच्या कडेला. आणि शहरात राहत असाल तर नर्सरीतून आणलेल्या कुंडीच्या बुडाखाली. ही शेवटची जागा हसण्यावारी नेऊ नका. माणसाबरोबर पसरणाऱ्या जातीची सगळ्यात मोलाची नोंद अशाच ठिकाणी होते.

कुठे नसते हेही सांगतो. भाजावळ केलेल्या जागेत त्या वर्षी मला ती कधी मिळाली नाही. भाताच्या कुणग्यात, पाणी उभं असताना, नाही. बांधावर मात्र मिळते. घाटावरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पावसात त्या मिटून माती चिकटते. तिथे फटी कायमच्या नसतात. घाटावर असाल तर विहिरीचा काठ, उकिरडा, झाडांच्या दाट रांगेखालचा पाला अशा ठिकाणांपासून सुरुवात करा.

कधी बघायचं

वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्यावर पहिल्यांदा, मग मिरगापासून आषाढ संपेपर्यंत जोरात, आणि पुन्हा भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत. आषाढ-श्रावणाच्या झडीत माती गच्च भरली की ती वर चढते. मला तेव्हा जोत्यावर, पोफळीच्या खोडावर, एकदा तर न्हाणीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला दिसली आहे. म्हणून झडीत जमीन उकरण्यापेक्षा भिंती बघाव्यात. पौषानंतर ती खोल जाते. तेव्हा शोधून मिळाली नाही तर तिथे ती नाही असं लिहू नका.

रात्री साडेआठ ते अकरा बरं. अमावास्येच्या आसपास उत्तम, कारण चांदणं असलं की मंद प्रकाश लक्षातच येत नाही. गणपतीत घरोघरी माळा लागतात, तेव्हा हा उद्योग बंद ठेवायचा.

पिशवीत काय हवं

खुरपं, पांढरा प्लास्टिकचा ट्रे (जुनं आइस्क्रीमचं झाकणही चालतं), मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश, घट्ट झाकणाच्या चार-पाच डब्या, शाळेची सहा इंची पट्टी, पेन्सिल, वही आणि डोक्याला लावायची बॅटरी. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. माणसाच्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि एकदा पांढरा उजेड मारला की ती मेहनत फुकट.

चिमटा मुद्दाम घेऊ नका. चिमट्यानं धरलेल्या गोमेचे पाय तुटतात, अंग चेपतं. ब्रशानं लोटून ट्रेमध्ये घ्यायची, एवढंच. पेन्सिल का, तेही सांगून टाकतो. पहिल्या वर्षी मेलेल्या सापडलेल्या सात गोमी मी स्पिरिटमध्ये ठेवल्या आणि बाटल्यांवर छान बॉलपेननं नावं घातली. महिन्याभरात बाटल्या पाझरल्या, शाई उतरली, आणि माझ्याकडे सात निळसर बाटल्यांमध्ये सात निनावी गोमी उरल्या. चिठ्ठी पेन्सिलनं लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची.

दिवसाचा शोध

दोन रीती आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली मोजून मातीची. जागा निवडून २५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखा. चार काड्या आणि सुतळी पुरे. आधी त्यातला पातेरा वेगळा ट्रेमध्ये काढा आणि हातानं चाळा. मग १० सेंटिमीटर खोलपर्यंतची माती खुरप्यानं थोडी थोडी उचलून ट्रेमध्ये पसरा. ढेकळं फोडा, मुळं झटका. गोम हलली नाही तर मुळाच्या तंतूसारखी दिसते, म्हणून प्रत्येक ट्रे निदान दोन मिनिटं नुसता बघत बसा. ती हलतेच. एक चौकोन म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. एका वाडीत सहा-आठ चौकोन वेगवेगळ्या जागी घेतले की कुठल्या कोपऱ्यात दाटी आहे याचा अंदाज येतो. खड्डा लगेच भरून वर पातेरा पसरा.

हे करताना शेजारच्या काकी गडग्यावरून वाकून विचारतात, "काय रे झिला, सोन्याचो हंडो शोधतंस काय?" तयारी ठेवा. मी त्यांना ट्रेमधली गोम दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, असल्या आमच्या सोडणांत शंभर. तिथून मला सगळ्यात चांगली जागा मिळाली.

दुसरी रीत झाकणांची, आणि आळशी माणसाला ही जास्त मानवते. जुन्या गोणपाटाचे फूटभर लांब-रुंद दहा तुकडे कापायचे, भिजवून सावलीत जमिनीवर पसरायचे, वर एखादा चिऱ्याचा तुकडा ठेवायचा. दर आठ दिवसांनी एक बाजू उचलून बघायची. माती उकरावी लागत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा बघता येते आणि पावसाळाभर तुलना करता येते. तुकड्यांना नंबर द्या. मी नंबर दिले नव्हते आणि कुत्र्यानं चार तुकडे पळवले, तेव्हा कुठले गेले तेच कळेना.

दगड उलटलात तर तो तसाच, त्याच बाजूनं परत ठेवा. त्याच्याखालची ओल आणि फटी साचायला कित्येक पावसाळे गेलेले असतात. एखाद्या फटीत गोम वेटोळं घालून अंड्यांच्या किंवा पिलांच्या गठ्ठ्याभोवती बसलेली दिसली तर फोटो काढून लगेच झाका. या गणातल्या माद्या अंडी फुटून पिलं सुटी होईपर्यंत पहारा देतात. छेडल्यावर काही अंडी टाकून जातात, काही तर खातात. बसण्याची तऱ्हा जमल्यास नोंदवा: मेसिस्टोसेफॅलसच्या कुळातली आई पोटाची बाजू पिलांकडे ठेवते, बाकीच्या बहुतेक कुळांतल्या पाठ आत करून बसतात.

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात यातलं काहीही वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नका. दगड उलटणंसुद्धा.

रात्रीचा शोध

बरोबर कुणाला तरी घ्या. पायात गमबूट हवेत, कारण ज्या पातेऱ्यात गोम असते त्याच पातेऱ्यात फुरसंही असतं. ही सूचना मी गमतीनं लिहीत नाही.

जागेवर पोचलात की दिवे बंद करून वीस मिनिटं उभे राहा. डास चावतात, चावू देत. मग लाल उजेडात सावकाश चालत केळीचे खुंट, गडग्याचा पाया, धोंडी बघा. आपण होऊन ती क्वचितच उजळते. पातेऱ्यावरून काडी हलकेच ओढली की उजळलेला ठिपका किंवा रेघ दिसते. रंग हिरवट निळसर, कारण प्रकाशाचा जोर ४८० आणि ५१० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

फोटो दोन काढायचे. एक अंधारातला, मोबाइल दगडावर टेकवून नाइट मोडमध्ये. तो हौसेचा. दुसरा उजेडातला, ट्रेमध्ये, बाजूला पट्टी ठेवून. कामाचा तोच. डोकं वरून, डोकं खालून आणि पाठीची पूर्ण लांबी, असे तीन कोन मिळाले तर जाणकाराला ओळख सांगता येते. नुसत्या उजळत्या रेघेच्या फोटोवरून कुणीही जात सांगू शकत नाही. तिला पुन्हा पुन्हा डिवचून उजळवू नका. एकदा झालं की सोडून द्या.

पातेऱ्यातून गोमी उतरवणं

हाताला न लागणारी पिलं मिळवायला एक जुनी युक्ती आहे, इटलीच्या बर्लेसेची आणि नंतर स्वीडनच्या टुलग्रेनची. दोन लिटरची बाटली मधून कापा. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नाळक्यासारखा, म्हणजे नरसाळ्यासारखा, बसवा. नाळक्यात पाच मिलिमीटर भोकांची जाळी, जाळीवर दोन ओंजळी पातेरा, वर टेबललॅम्प. तळाशी ओला टिश्यू पेपर. वरून उष्णता आली की पातेरा वाळत जातो आणि आतले प्राणी ओलीकडे, म्हणजे खाली सरकतात.

यात दिवा तारेचा, जुन्या पद्धतीचा हवा, २५ किंवा ४० वॅटचा. मी एलईडी लावून दोन दिवस वाट बघितली. उजेड लख्ख, उष्णता शून्य, तळाला एक मुंगी. दुसरं टोकही वाईट. दिवा फार जवळ आणला तर पातेरा तासाभरात कुरकुरीत होतो आणि गोमी उतरण्याआधीच वाळून मरतात. दिवा वीतभर वर ठेवा आणि दर तीन-चार तासांनी तळ बघून सापडलेल्यांना डबीत हलवा. एका डबीत दोन गोमी ठेवू नका, सकाळी एकच उरायची शक्यता असते.

पाय मोजा

हे कंटाळवाणं काम मी आग्रहानं सांगतो. स्कॉटलंडमध्ये ब्रोरा नावाच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांखाली स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा नावाची गोम राहते, भरतीच्या रेषेच्या अंगाला. २०१४ मध्ये तिचा पूर्ण जनुकसंच जाहीर झाला, बहुपादांतला पहिलाच. डोळ्यांना लागणारी प्रकाशग्राही जनुकं तिच्यात सापडली नाहीत, दिवसरात्रीच्या घड्याळाचीही नाहीत, तरी ती उजेड टाळते. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तसतशा तिच्या पायांच्या जोड्या कमी होत जातात. अंड्यातल्या वाढीच्या वेळचं तापमान यात भाग घेतं हे नंतरच्या प्रयोगांतून दिसलं. म्हणजे पायांची संख्या त्या जागेबद्दल काहीतरी सांगत असते.

ऑर्फनीअसमध्येही संख्या प्राण्यागणिक बदलते. वेंगुर्ल्याच्या, दापोलीच्या आणि घाटमाथ्यावरच्या गोमींचे पाय मोजून ठेवले तर पुढे कुणाला त्यातून काही काढता येईल. मादीच्या जोड्या सहसा नरापेक्षा जास्त असतात, म्हणून एकाच प्राण्यावर भिस्त नको, एका जागेचे दहा-बारा तरी हवेत.

जिवंत गोम मोजायची युक्ती अशी. तिला दोन पारदर्शक झाकणांच्या मधे, खाली ओला टिश्यू ठेवून, न दाबता सपाट ठेवा. मोबाइलनं अंग तीन भागांत, थोडं एकमेकांवर येईल असं टिपा. मग घरी स्क्रीन मोठी करून दर दहाव्या जोडीवर खूण करत मोजा. डोक्याजवळच्या विषारी आकड्यांची जोडी पायांत धरायची नाही. उत्तर सम आलं तर तुम्ही चुकलात. पुन्हा मोजा. एवढी सोपी तपासणी निसर्गात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नोंद कशी लिहायची

"बागेत गोम दिसली" ही नोंद निरुपयोगी. माझ्या वहीतली एक जशीच्या तशी उतरवतो.

"१९ जून, रात्री ९:४०. पोफळीची वाडी, उत्तर कडा, व्हाळापासून १२ पावलं. केळीचा खुंट, तोडून अंदाजे दीड महिना. जमिनीपासून एक वीत वर, चौथ्या पापुद्र्याखाली. ओल ३. दिवसभर पाऊस, आता उघडीप. गोमी २, मोठी ६८ मिमी, दुसरी निसटली. शेजारी: वाळवी भरपूर, गांडूळ १. शोध ३५ मिनिटं, माणसं २, खुंट ५ तपासले पैकी १ मध्ये."

ओल मी मुठीनं मोजतो. माती किंवा पातेरा मुठीत आवळला आणि पाणी ठिबकलं तर ३, गोळा टिकला तर २, गोळा फुटला तर १, गोळाच झाला नाही तर ०. ढोबळ आहे, पण दरवेळी तेच माप लावलं की तुलना होते.

जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घ्या. दशांशचिन्हापुढे चार घरं म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता, पाच घरं म्हणजे मीटरभर. पोफळीच्या दाट सावलीत मोबाइल स्वतःच पंधरा-वीस मीटर चुकतो, तेव्हा सहा घरं लिहून उगाच अचूकतेचा आव आणू नये. चार पुरेत, आणि किती मीटरची चूक फोन दाखवतो तेही लिहा.

सगळ्यात दुर्लक्षित दोन रकाने म्हणजे शोधाची मिनिटं आणि शून्य. पाच खुंट बघून एकात मिळाली, हे "मिळाली" पेक्षा कितीतरी जास्त सांगतं. आणि काहीच मिळालं नाही त्या दिवसाचीही ओळ वहीत हवी.

शून्याचा हिशेब मात्र जपून करा. समजा एखाद्या जागी गोम आहेच आणि एका फेरीत ती दिसण्याची शक्यता तीनात एक आहे. मग एका फेरीत ती हुकण्याची शक्यता तीनात दोन. सलग तीन फेऱ्या हुकण्याची शक्यता सत्तावीसात आठ, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. सहा फेऱ्यांनी ती ९ टक्क्यांच्या खाली येते. एका दुपारी चार दगड उलटून "आमच्या गावात नाही" म्हणणाऱ्यानं हे डोक्यात ठेवावं. ओल्या दिवसांतल्या सहा फेऱ्या झाल्याशिवाय मी कुठल्याही जागेपुढे "नाही" लिहीत नाही. तोवर "अजून नाही".

नोंद पुढे द्या

वहीतल्या नोंदी वहीत राहिल्या तर नकाशा कोराच. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर फोटो चढवा. दुसऱ्याच्या वाडीतली जागा असेल तर मालकाला विचारा, आणि नको म्हणाले तर ठिकाण धूसर ठेवण्याची सोय वापरा. ओळखीच्या रकान्यात खात्री नसताना जातीचं नाव ठोकू नका. "जिओफिलोमॉर्फा" एवढं लिहिलं तरी नोंद योग्य माणसांपुढे जाते. पट्टे, डोकं आणि जोड्यांची संख्या तुम्ही वर्णनात लिहिली असेल तर पुढचं काम सोपं होतं. जगभरच्या गोमींची वैध नावं चिलोबेस नावाच्या यादीत मिळतात, जुनं नाव कुठे वाचलंत तर तिथे ताडून बघा. मेलेला नमुना असेल आणि कुणी अभ्यासक मागत असेल तर ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये ठेवा, ते औषधांच्या दुकानात मिळतं.

उत्तर यायला वेळ लागतो. माझ्या पहिल्या नोंदीवर सात महिन्यांनी कुणीतरी एका ओळीत लिहिलं: डोक्याचा खालून काढलेला फोटो आहे का? नव्हता. तोवर माघ उजाडला होता, धोंड कोरडी ठणठणीत. पुढच्या मिरगाला मी पहिल्या रात्रीच ट्रे घेऊन न्हाणीमागे जाऊन बसलो, आणि तिसऱ्या रात्री तो फोटो मिळाला.